सगळी कामं पूर्ण झाली आहेत, आराम करा

विसरणं हा आजार नसून आळस आहे, असं जावईबापूंचं ठाम मत होतं आणि ऐकायला दुसरं कुणी नसेल तर ते दाढी करताना आरशालाही ते ऐकवत. स्वतः ते आयुष्यात कधी काही विसरले नव्हते. निदान विसरल्याचं त्यांना आठवत तरी नव्हतं.

त्यांना जावईबापू म्हणायचं ते एवढ्यासाठी, की बायकोच्या माहेरची सगळी मंडळी त्यांना तेच म्हणत आणि ही गोष्ट त्याच मंडळींसमोर त्यांची कशी शोभा झाली याची आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात ते नियोजन बघत. कुणी कधी काय करायचं ते ठरवायचं आणि त्यानं ते का केलं नाही ते शोधायचं, हे त्यांचं काम. ऑफिसात कुणी कामं भिंतीवर चिकटवी, कुणी टेबलाच्या काचेखाली सरकवी, रंग विभागातला एक जण तर हाताच्या तळव्यावर लिही आणि जेवायच्या सुट्टीत हात धुवून मोकळा होई. शेवटी साहेब कंटाळले. कामांची यादी ठेवणारं एकच अ‍ॅप सगळ्यांनी वापरायचं, आणि ते कुठलं हे जावईबापूंनी निवडून सोमवारी सांगायचं, असा हुकूम निघाला.

आता मुलगी बघायला गेल्यासारखं दोन प्रश्न विचारून हो म्हणणारा हा माणूस नव्हे. त्यांनी स्पर्धेतली तीन अ‍ॅप्स फोनमध्ये उतरवून घेतली आणि तिघांची परीक्षा स्वतःच्या संसारावर सुरू केली.

पहिलं अ‍ॅप पिवळं. ते फार मायाळू होतं. ‘पाणी पिणे’ या कामापुढे खूण केली तरी पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पाडी आणि ‘शाब्बास, काम फत्ते’ म्हणे. दुसरं निळं. ते शिस्तीचं. त्यात साबण आणायचा म्हटलं तरी तो कशासाठी, कुणी, कुठल्या तारखेच्या आत आणि न आणल्यास होणारे परिणाम, हे सगळं भरल्याशिवाय ते पुढे सरकू देत नसे. तिसरं काळं. ते हुशार होतं, पण आगाऊ भाच्यासारखं. सांगितलेलं करी आणि न सांगितलेलंही करी. जावईबापूंच्या मनात मात्र तेच भरलं होतं.

प्रत्येक काम तिन्ही अ‍ॅपांत भरायचं असा नियम असल्यामुळे एका दिवसाच्या कामांची नोंद करायला अर्धा दिवस लागू लागला. जेवता जेवता ते डाव्या हातानं ‘जेवण’ या शब्दापुढे खूण करत. बायकोलाही त्यांनी पिवळ्यात सामील करून घेतलं होतं. म्हणजे यांनी काही काम उरकलं की तिच्या फोनवर लगेच वर्दी जाई. बायको मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून एक पाय सतत ब्रेकवर ठेवायची सवय असल्यामुळे घरातही ती सहसा गडबडून जात नसे. पण भर चौकात गाडी बंद पडलेली असताना ‘नखं कापणे, काम फत्ते’ ही वर्दी आली, तेव्हा मात्र तिनं घरी येऊन एक ना धड भाराभर चिंध्या, एवढंच ऐकवलं आणि जेवायला बसली.

जावईबापूंनी ते मनाला लावून घेतलं नाही. थोर माणसांना घरात किंमत नसते हे त्यांना ठाऊक होतं.

याच सुमारास सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ठरलं. सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, दुसऱ्या गावात एकटे राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचे, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. भीती होती, पण ती ते कुणाचा कामधंदा बुडवायला नको या शब्दांत सांगत. मुलीनं किती वर्षं मनधरणी केली तेव्हा कुठे एका डोळ्याला तयार झाले. तो नीट पार पडला तर दुसऱ्याचं बघू, असं म्हणाले. ऑपरेशन इथल्याच हॉस्पिटलात होतं. त्या दिवशी ती स्वतः सोबत गेली, रात्रभर तिथेच राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शिकाऊ मंडळींची लायसनची परीक्षा होती आणि ती काही टळणारी नव्हती. सकाळी ती हॉस्पिटलातून परस्पर जाणार होती. सासऱ्यांना साडेअकराला घरी सोडणार होते.

“हे एकच काम तुझ्याकडे देतेय,” तिनं फोनवर सांगितलं. “त्यांना तिथे ताटकळत बसायला लागलं ना, तर आपण ओझं झालो असंच त्यांच्या मनात येईल. मग दुसऱ्या डोळ्याचं नावसुद्धा ते काढू देणार नाहीत.”

जावईबापू दुखावले. हे सांगायची गरज होती का? काम तिन्ही अ‍ॅपांत नोंदलेलं होतं, तिन्हींत त्याच्यापुढे लाल निशाण होतं, आणि निळ्यात तर न आणल्यास होणारे परिणाम या रकान्यात त्यांनी ‘गंभीर’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्यांनी एक दिवसाची रजाही काढली होती. आणखी काय करायचं माणसानं?

तर त्या सकाळी जावईबापू आंघोळ उरकून, कपडे करून, बूट दाराशी काढून ठेवून तयार होते. निघायला अजून वेळ होता. रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही. सोमवारचा अहवाल डोक्यावर होता, म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून निकाल लावून टाकायचं ठरवलं. पिवळं बाद, निळं बाद, काळं पास.

पिवळ्याला निरोप द्यायला गेले, तर ते गळ्यात पडलं. कामं अपुरी असताना मी तुम्हाला जाऊ कसं देऊ, अशा अर्थाचं काहीतरी पडद्यावर आलं. सगळ्या कामांपुढे खुणा केल्याशिवाय खातं बंद होईना. जावईबापूंनी भराभर खुणा करायला घेतल्या. नळ दुरुस्ती, झाली. विम्याचं पत्र, झालं. बाबांना घरी आणणे, इथे त्यांचं बोट क्षणभर थांबलं. पण हे काम निळ्यात आहेच, असा विचार करून त्यांनी तिथेही खूण केली. कागदांचा पाऊस पडला आणि पिवळं अ‍ॅप अंतर्धान पावलं.

निळ्याचंही तेच. प्रत्येक काम ‘करायचं’ या रकान्यातून ‘चाललंय’मध्ये आणि तिथून ‘झालं’मध्ये ओढून नेल्याशिवाय ते दार उघडेना. बाबांना घरी आणण्याचं काम त्यांनी करायचंमधून उचललं, चाललंयमध्ये टेकवलं आणि झालंमध्ये नेऊन ठेवलं. हे काम काळ्यात आहेच, असं याही वेळी त्यांनी मनाला बजावलं.

राहिलं काळं. तिघांतलं हुशार. त्यानं आपणहून विचारलं, की बंद झालेल्या अ‍ॅपांची मागे उरलेली माहिती मी ओढून घेऊ का? जावईबापूंना भरून आलं. याला म्हणतात समज. त्यांनी हो म्हटलं. काळ्यानं क्षणभर विचार केला, ही कामं दोन ठिकाणी झालेली आहेत तेव्हा ती झालीच असणार असा निष्कर्ष काढला, आणि स्वतःकडच्या सगळ्या कामांपुढेही हिरव्या खुणा करून टाकल्या. मग पडदा स्वच्छ झाला, त्यावर एक लहानशी चंद्रकोर उगवली आणि खाली अक्षरं आली: सगळी कामं पूर्ण झाली आहेत. आराम करा.

जावईबापू त्या पडद्याकडे बघतच राहिले. लग्न झाल्यापासून त्यांच्यामागे एकही काम शिल्लक नाही असा क्षण आला नव्हता. त्याआधी आईनं येऊ दिला नव्हता. त्यांना एकदम हलकं वाटलं. मनाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं हे खरं, गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर टोचतं तसं. म्हणून त्यांनी पुन्हा एकदा फोन उघडून पाहिलं. काही शिल्लक नव्हतं. स्वतःच्या डोक्यापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवायचा हे त्यांचं तत्त्वच होतं. त्यांनी बूट जागेवर ठेवले, सोफ्यावर पाय ताणले आणि हुकमाप्रमाणे आराम केला. डोळा कधी लागला ते त्यांनाही कळलं नाही.

जाग आली ती दारावरच्या घंटेनं.

दारात आत्या. म्हणजे बायकोची आत्या, सासऱ्यांची धाकटी बहीण. ती याच शहरात राही आणि जावईबापूंकडे नेहमी भाजी निवडावी तशी बघे. हातात सुपाचा थर्मास. तिच्यामागे वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई, नुकत्याच निवृत्त झालेल्या, पेशंटसाठी मोठ्या अक्षरांचं पुस्तक घेऊन आलेल्या. बाईंनी सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण जिन्यात आत्या भेटली आणि शेजारधर्म म्हणून त्या मागोमाग आल्या.

भाचीनं फोन करून कळवल्याचं आत्यानं सांगितलं. पिवळ्या अ‍ॅपनं तिला ‘बाबांना घरी आणणे, काम फत्ते’ अशी वर्दी दिली होती म्हणे. तिचा जीव भांड्यात पडला, तिनं परदेशातल्या भावालाही कळवलं, आणि नवऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. मी उगाच काळजी करत होते, असं म्हणाली.

“कुठाय आमचा दादा?” आत्यानं विचारलं.

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. घड्याळात एक वाजून गेला होता. दादा हॉस्पिटलच्या बाकावर होता. एक डोळा पट्टीखाली, दुसरा जवळजवळ आंधळा. हे सगळं त्याच क्षणी सांगून टाकलं असतं, तर जावईबापू फक्त विसरभोळे ठरले असते. पण विसरभोळं ठरायची त्यांना सवय नव्हती. तोंडातून शब्द निघून गेला.

“झोपलेत.”

आणि त्यांनी बंद असलेल्या बेडरूमच्या दाराकडे बोट दाखवलं.

इथून सूत्रं ग्रंथपाल बाईंनी हातात घेतली. शांतता राखण्याचा त्यांना जन्मभराचा अनुभव. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, खुर्च्या उचलून, न ओढता, नीट मांडल्या, पंख्याचा आवाज होतोय म्हणून तो बंद केला आणि आत्यालाही कुजबुजत बोलायला लावलं. आत्यानं आयुष्यात ते कधी केलं नव्हतं. रिकाम्या खोलीबाहेर दोघी श्वास रोखून बसल्या.

तेवढ्यात आत्याच्या फोनवर मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबांना नुसतं लांबून बघतो म्हणाला. आत्या फोन घेऊन उठली. जावईबापू तिच्या आधी आत शिरले, पांघरूण नीट करतो असं पुटपुटत. सोफ्यामागचा लोड ते जाता जाता काखेत मारून घेऊन गेले होते. त्यांनी तो पलंगावर आडवा केला, वरून पांघरूण घातलं, सासऱ्यांची घरीच राहिलेली कानटोपी उशीवर भिंतीकडे तोंड केल्यासारखी ठेवली, आणि पडदे ओढून अंधार केला. आपण एका चांगल्या माणसाच्या जागी लोड निजवतोय, याची लाज त्यांना तेव्हाही वाटली. पण हात थांबेनात.

आत्यानं दाराच्या फटीतून फोन धरला. सातासमुद्रापलीकडून मेव्हण्यानं लोडाकडे डोळे भरून पाहिलं.

“बाबा जरा भरलेले दिसतात,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज घोगरा झाला. “जावईबापू, मी इथे लांब बसलोय. तुम्ही आहात म्हणून निश्चिंत आहे.”

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत घालायचे थेंब आणायचे राहिलेत असं सांगून ते घराबाहेर पडले, जिना उतरून रस्त्यावर आले आणि मिळाली ती टॅक्सी पकडली.

टॅक्सी दोन वळणं गेली आणि रखडली. पुढे शिकाऊ चालकाची गाडी होती, डोक्यावर मोठ्ठी लाल पाटी, बैलगाडीच्या वेगानं चाललेली. शेजारच्या सीटवर ओळखीचा अंबाडा दिसला आणि जावईबापू सीटखाली बसले. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, की पोलीस आहेत का? जावईबापूंनी खालूनच सांगितलं, बायको आहे. टॅक्सीवाला समजूतदार होता. त्यानं गल्लीत गाडी घातली.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाक रिकामा होता.

नर्सनं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. ते आजोबा गेले, म्हणाली. पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. रिक्षा बोलावून देऊ का म्हटलं तर नको म्हणाले, आमचे जावई येणार आहेत, वेळेचे पक्के आहेत. मग उठले, आणि म्हणाले, इतका वेळ झाला म्हणजे त्यांनाच काहीतरी झालं असणार. ते येणारे आहेत, न येणारे नाहीत. मीच जाऊन बघतो. पत्त्याचा कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि निघाले.

परतीच्या वाटेवर जावईबापू टॅक्सीत मागे टेकून बसूच शकले नाहीत. सासरे चिडले असते, रागानं स्वतःच्या गावी निघून गेले असते, तरी त्यांना इतकं लागलं नसतं. पण अर्धा आंधळा माणूस रस्ता चाचपत आपली काळजी करत गेला, हे त्यांना सोसेना. कुठल्या गाडीसमोर तर आले नसतील? ‘गंभीर’ हा आपणच लिहिलेला शब्द त्यांना आठवला.

इकडे घरी काय झालं ते पुढे सगळ्यांच्या तोंडून कळलं. जावईबापू हॉस्पिटलात सासऱ्यांना शोधत होते आणि सासरे घरी येऊन पोचलेही होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत्या स्वयंपाकघरात सूप गरम करत होती, म्हणून दार ग्रंथपाल बाईंनी उघडलं. समोर अनोळखी वृद्ध गृहस्थ, डोळ्यावर पट्टी. एका पेशंटला भेटायला दुसरा पेशंट आला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि ते सासऱ्यांना दिसलं नाही म्हणून त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की हळू, पेशंट झोपलेत.

पेशंट म्हणजे जावईबापूच, असं सासऱ्यांनी धरलं. वाटेत मनात आलेलं खरं ठरलं होतं. काय झालं, फार आहे का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांचा हात दाबून सांगितलं, की ऑपरेशन झालंय, पण आता धोका नाही.

या कुजबुजीतलं काहीच स्वयंपाकघरात आत्याच्या कानावर गेलं नाही. सासरे पाय न वाजवता बेडरूममध्ये गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

जावईबापू धापा टाकत घरात शिरले, त्याच वेळी आत्या सुपाची वाटी घेऊन बाहेर आली, आणि परीक्षा लवकर आटोपल्यामुळे बायकोही मागोमाग जिना चढून आली. दादाला आता उठवायलाच हवं, असं म्हणत आत्यानं बेडरूमचं दार ढकललं आणि दिवा लावला.

पलंगाच्या कडेला सासरे बसले होते. डोळ्यावर पट्टी, पिशवी अजून खांद्यालाच अडकवलेली. त्यांचा एक हात पांघरुणावरून सावकाश फिरत होता.

“झोपा तुम्ही, जावईबापू,” ते लोडाला सांगत होते. “उठायचं नाही. मला काही त्रास झाला नाही यायला. तुम्ही माझ्यासाठी धावपळ केलीत, त्यातच काहीतरी झालं असणार.”

कुणी हललं नाही. ग्रंथपाल बाईंनी इतकी शांतता अख्ख्या नोकरीत कधी अनुभवली नसेल. आत्यानं आधी भावाकडे पाहिलं, मग लोडाकडे, मग जावईबापूंकडे, आणि तिची नजर जावईबापूंवरून हलली नाही. बायकोनं कुणाकडेच पाहिलं नाही. ती वडिलांच्या पायांशी गेली आणि त्यांचे बूट काढू लागली. बुटांना रस्त्यावरचा चिखल लागला होता.

दे माय धरणी ठाय झालं म्हणतात, तर धरणीनंही जावईबापूंना ठाय दिला नाही. ते दारातच उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं. पिवळ्यापासून लोडापर्यंत सगळं, काही न गाळता. सांगताना त्यांना जाणवलं, की हे जितकं नीट सांगावं तितकं वेड्यासारखं वाटतंय. आत्यानं मध्येच एकदा विचारलं, म्हणजे फोननं झोपा म्हटलं म्हणून तुम्ही झोपलात? जावईबापू हो म्हणाले.

हाताखाली लोड आहे हे सासऱ्यांना आत्ता कळलं असावं, कारण त्यांनी हात काढून घेतला.

“मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं,” ते म्हणाले. “तुम्ही विसरला असाल, असं मनातसुद्धा आलं नाही.”

यात टोमणा नव्हता. असता तर जावईबापूंनी आनंदानं झेलला असता. ते खाली मान घालून आत गेले आणि त्यांनी सासऱ्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. तेव्हा कुठे बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, दमलेली दिसत होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, कुठलं अ‍ॅप? जावईबापू म्हणाले, कुठलंही घ्या. साहेबांना हे उत्तर फार परिपक्व वाटलं आणि त्यांनी पिवळं निवडलं, कारण ते शाब्बास म्हणतं. जावईबापूंना आता दिवसभर ऑफिसात दर थोड्या वेळानं कुणाचं ना कुणाचं काम फत्ते झाल्याचं ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी ते खुर्चीत किंचित दचकतात.

पट्टी निघाली. सासऱ्यांनी खिडकीत उभं राहून समोरच्या इमारतीच्या टाकीवरचे कावळे मोजले, आणि आत्याला तू म्हातारी झालीस असं सांगितलं. दुसऱ्या डोळ्याचा विषय कुणी काढेना. काढणार कुठल्या तोंडानं? शेवटी एका सकाळी चहा पिताना तो त्यांनीच काढला. दुसराही उरकून टाकू म्हणाले. बायकोनं लगेच सांगितलं, की या वेळी मी रजा काढते, येताना-जाताना मीच असेन.

“तू कशाला?” सासरे म्हणाले. “जावईबापूच येतील. त्यांच्याइतकं खात्रीचं माणूस आता सापडायचं नाही. ते आता जन्मात विसरणार नाहीत.”

जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग नुसती मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी फोन घरीच ठेवला. या वेळी सासऱ्यांना त्याच दिवशी घरी सोडणार होते. सासऱ्यांना आत नेलं त्या क्षणापासून ते दाराला सगळ्यात जवळच्या बाकावर बसून राहिले. चहाला उठले नाहीत, पाणी प्यायला उठले नाहीत. जागेवरून हलायचं नाही आणि हॉस्पिटलची माणसं सांगतील ते मुकाट करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. तो बाक डोळे तपासायला आलेल्यांचा होता, हे त्यांना माहीत नव्हतं. एक नर्स हातात बाटली घेऊन रांगेनं येत होती. त्यांच्यापाशी येऊन मान मागे करा म्हणाली, त्यांनी केली. तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. हे कशासाठी, असं विचारावं असं त्यांना वाटलं, पण मागच्या वेळची लाज आठवली आणि ते गप्प बसले. ती पुन्हा आली, पुन्हा थेंब सोडले. तिसऱ्या फेरीनंतर समोरची भिंत दुधात बुडाल्यासारखी दिसू लागली. जावईबापू तरीही जागचे हलले नाहीत.

सासरे बाहेर आले ते डाव्या डोळ्यावर पट्टी घेऊन. उजवा लख्ख. बाकावर पांढराफटक चेहरा करून, दाराच्या भलत्याच बाजूला बघत बसलेले जावईबापू त्यांना लांबूनच दिसले. झाला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. एका हातात स्वतःची पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं जावयाचा दंड धरला, आणि पायरी आहे, आता खड्डा आहे, थांबा, गाडी जाऊ द्या, असं सांगत त्यांना घरापर्यंत सांभाळून आणलं.

दार आत्यानं उघडलं. तिनं दोघांना वरपासून खालपर्यंत निरखलं, सुपाची वाटी हातात घेतली, आणि ती कुणापुढे धरावी हे न कळून तशीच उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “ऑपरेशन नक्की कुणाचं झालं?”